ट्राममुळे झालेले स्थलांतर: अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची वाटचाल

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची स्थापना १९०४ सालची; पण तिच्या नावावर जमा असलेल्या नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. मधली त्रेसष्ट वर्षे हे काम मुंबईत, कुलाब्याला चालले. जगभरच्या शास्त्रीय लेखांत या नोंदींचा उल्लेख ‘कुलाबा-अलिबाग’ अशा जोडनावाने होतो, आणि मधली आडवी रेघ ही या संस्थेची खरी कमाई आहे. चालते काम एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायचे आणि तरीही जुन्या नोंदींशी नव्या नोंदींचे नाते तुटू द्यायचे नाही, हे या वेधशाळेने एकदा नव्हे, अनेकदा करून दाखवले. तिचा इतिहास सांगायचा तो मुख्यतः या संक्रमणांचा.

कुलाब्याचे मूळ

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा बेटावर वेधशाळा बांधली. हेतू व्यवहाराचा होता: ग्रहताऱ्यांचे वेध घ्यावेत, बिनचूक वेळ ठेवावी आणि बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळे त्या वेळेशी मिळवता यावीत. पहिले खगोलवेत्ते जॉन कर्निन यांचे आणि कंपनी सरकारचे जमले नाही, आणि पुढची काही वर्षे वेधशाळेच्या हाती फारसे काम लागले नाही.

तिला काम मिळाले ते युरोपात सुरू झालेल्या एका उपक्रमामुळे. जर्मनीतील गटिंगेन येथे गाउस आणि वेबर या दोघा शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात चुंबकीय निरीक्षकांचा एक संघ उभारला होता. देशोदेशींच्या निरीक्षकांनी ठरल्या दिवशी, ठरल्या क्षणी आपापल्या चुंबकसूचीचे वाचन करायचे आणि ते एकमेकांना कळवायचे, असा त्याचा नियम. क्षण सर्वांचा एकच असावा म्हणून घड्याळ धरले ते गटिंगेनचे. मुंबईच्या घड्याळाच्या ते सुमारे सव्वाचार तास मागे. देशोदेशींना जोडणारे तारायंत्र नव्हते त्या काळात पत्रांच्या आणि छापील तक्त्यांच्या आधारावर चालणारी ही निरीक्षकांची बिरादरी होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३९ च्या सुमारास तिचा विस्तार ब्रिटिश साम्राज्यभर करायचे ठरवले, आणि कंपनीच्या मुलखात मद्रास, मुंबई, सिमला व सिंगापूर ही चार ठिकाणे निवडली गेली. सिमला आणि सिंगापूरचे काम थोड्याच वर्षांत थांबले. मुंबईचे टिकले. येथे एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ मध्ये चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदी सुरू झाल्या. १८४६ पासून त्यांची सलग मालिका मिळते.

या पहिल्या पिढीत दोन मराठी नावे आहेत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. दुसरे नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा ते ऑर्लेबारांच्या हाताखाली वेधशाळेत रुजू झाले आणि दहाएक वर्षे तेथे राहिले. पुढे त्यांनी पुण्यात गणित शिकवले, टिळकांसारखे विद्यार्थी घडवले, १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. तासातासाला सूचीचे वाचन करून ते कागदावर उतरवायची शिस्त त्यांनी तरुणपणी कुलाब्याला अंगी बाणवली होती. नागावच्या या मुलाने ज्या नोंदवह्यांत हात चालवला, त्यांचा वारसा साठ वर्षांनी नागावपासून हाकेच्या अंतरावर येणार होता.

वादळ टिपणारी सूची

चुंबकीय वेधशाळेत मोजतात काय, हे थोडक्यात सांगायला हवे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र प्रत्येक ठिकाणी एका विशिष्ट दिशेने व विशिष्ट जोराने काम करते. त्याची तीन अंगे नोंदवतात: सूची खऱ्या उत्तरेपासून किती अंश कलते, क्षेत्राचा क्षितिजाला समांतर जोर किती आणि उभा जोर किती. आपल्या किनाऱ्यावर समांतर जोर सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. त्यात रोज उन्हाबरोबर काही डझन नॅनोटेस्लांची चढउतार होते. सूर्यावर उद्रेक झाला की शेकड्यांनी होते. आणि पृथ्वीच्या पोटातल्या द्रवरूप लोखंडाच्या हालचालींमुळे वर्षानुवर्षे मंद गतीने बदल होत राहतो. पहिला बदल दिवसात दिसतो, दुसरा तासात, तिसरा मात्र पिढ्यांत. तिसऱ्यासाठीच मालिका अखंड लागते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना दुर्बिणीतून सूर्यावर पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास वेळ गेला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच येथील छायाचित्रक यंत्रांच्या रेघा काही वेळ कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला तेव्हा असे यंत्र नव्हते. माणूस दुर्बिणीतून पट्टीकडे पाहून आकडा लिहीत असे. एरवी तो तासाला एकदा वाचन करी; गडबड दिसली की नियमाप्रमाणे वाचने झपाट्याने वाढवी. वादळाच्या दिवशी सकाळी त्याने तेच केले, आणि म्हणून समांतर जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद मुंबईत राहिली.

हे आकडे छापील तक्त्यांत गेले आणि तेथेच राहिले. २००३ साली अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्यांवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता काढली. आज उपग्रह आणि वीजवाहक जाळी यांना सूर्याचा धोका किती, याची चर्चा निघाली की कुलाब्याचा तो आकडा पुढे येतो. कोणत्या सूचीने, कोणत्या पट्टीवर, कोणत्या घड्याळाने वाचन झाले हे वहीत लिहून ठेवले होते, म्हणूनच दीडशे वर्षांनी तो आकडा वापरता आला. नुसता आकडा उरला असता तर त्याचा अर्थ लागला नसता.

डोळ्यांकडून छायाचित्रकाकडे

पहिले मोठे संक्रमण कुलाब्यातच झाले. चार्ल्स चेंबर्स हे १८६० च्या दशकात वेधशाळेचे प्रमुख झाले आणि १८९६ मध्ये निधन होईपर्यंत त्या जागी राहिले. त्यांच्या काळात, १८७२ पासून, छायाचित्रक मॅग्नेटोग्राफ कामाला लागले. बारीक धाग्याला टांगलेल्या चुंबकावर आरसा, आरशावर दिव्याची तिरीप, तिरिपीचा ठिपका घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या छायाचित्रण कागदावर. चोवीस तासांनी कागद काढून अंधाऱ्या खोलीत धुतला की दिवसभराची वळणदार रेघ उमटे. निरीक्षकाची रात्रपाळीची वाचने संपली. दोन वाचनांच्या मधले काही निसटण्याची भीतीही संपली.

या यंत्राला मात्र एक मर्यादा होती, आणि पुढच्या सर्व गोष्टी तिच्याशी जोडलेल्या आहेत. रेघ बदल दाखवते, मूळ किंमत दाखवत नाही. रेघ किती वर गेली हे कळते. पण कशाच्या वर, हे कळत नाही. त्यासाठी ठरावीक दिवशी दुसऱ्या उपकरणाने प्रत्यक्ष मोजणी करायची आणि कागदावरच्या पायारेषेला किंमत द्यायची. धागा सैल पडतो, चुंबकाचा जोर घटतो, खोली तापते. पायारेषा सरकत राहते. ती सतत तपासणारा माणूस नसेल तर कितीही चांगले यंत्र काही महिन्यांत खोटे बोलू लागते.

ट्रामची चाहूल

चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस प्रमुख झाले. एडिंबरा येथे शिकलेले हे पारशी शास्त्रज्ञ कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. वेधशाळा १८९९ मध्ये मुंबई सरकारकडून हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याकडे गेली, आणि त्याच सुमारास शहरात विजेच्या ट्रामची बोलणी जोर धरू लागली.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती; तिने चुंबकसूचीला काही त्रास दिला नव्हता. विजेच्या ट्रामची गोष्ट वेगळी. तारेतून आलेला एकदिश प्रवाह रुळांमधून वीजघराकडे परततो. पण सगळाच रुळांत राहत नाही. त्यातला काही भाग जमिनीत उतरतो आणि सापडेल त्या वाटेने परत जातो. असा भटका प्रवाह सभोवती स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि त्याचा दोष सर्वांत जास्त उभ्या जोराच्या नोंदीत येतो. गाडी सुरू झाली, थांबली, चढावर आली, की सूची थरथरणार.

हे संकट मुंबईपुरते नव्हते. टोरांटोने ट्रामपायी १८९८ मध्ये चुंबकीय काम शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला नेले. पॅरिसचे काम १९०१ मध्ये व्हाल-जॉयो येथे गेले आणि विजेच्या रेल्वेने तेथेही गाठल्यावर पुढे शांबों-ला-फोरे येथे. पोट्सडॅमचे १९०७ मध्ये झेडिनला आणि मग नीमेगला. क्यूचे काम स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूरला, टोकियोचे काकिओकाला, ग्रिनिचचे १९२० च्या दशकात अ‍ॅबिंजरला. शहरे विजेवर धावू लागली तसतशा जगातल्या जुन्या चुंबकीय वेधशाळांनी एकामागून एक मुक्काम हलवला.

मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. मूस त्या दिवसाची वाट पाहत बसले नाहीत. ट्राम रस्त्यावर येण्याच्या तीन वर्षे आधी नव्या जागी काम सुरू झालेले होते, आणि या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. सूची थरथरू लागल्यावर हालचाल केली असती तर जुन्या जागेचे शेवटचे आकडे संशयास्पद झाले असते आणि नव्या आकड्यांना मिळवून पाहायला भरवशाचे काही उरले नसते.

अलिबागच का

नवी जागा मुंबईच्या जवळ हवी होती, म्हणजे जुन्या मालिकेशी तिची तुलना करता येईल. आणि पुरेशी दूरही, म्हणजे मुंबईची वाढ तिच्यापर्यंत पोचणार नाही. शिवाय कोकणातला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात चुंबकीय खनिजे असतात, आणि काही पावलांच्या अंतरावर सूचीचा कल बदललेला दिसतो. किनाऱ्याची वाळू आणि गाळ यांच्या थराखाली कातळ दबलेला असेल तर हा उपद्रव कमी. कुलाब्यापासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे असलेल्या अलिबागमध्ये हे गणित जमले. त्या वेळी हे कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. मुंबईहून येणे मुख्यतः पाण्याच्या वाटेने, आणि पावसाळ्यात तीही वाट बेभरवशाची.

अलिबागला रेल्वे नव्हती. प्रवासी रेल्वे आजही नाही, आणि त्याबद्दल अलिबागकरांनी निवेदने देऊन पिढ्या झाल्या. या वेधशाळेपुरते मात्र ते वरदानच ठरले.

इमारतीसाठी स्थानिक काळा दगड चालणार नव्हता. चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणला गेला. बांधकामात लोखंड वर्ज्य; बिजागऱ्या, कड्या, खिळे यांना तांबे-पितळ. दिवसरात्रीचा तापमानाचा फरक यंत्रांपर्यंत पोचू नये अशी खोल्यांची रचना. दोन स्वतंत्र वास्तू उभ्या राहिल्या: एकीत बदल टिपणारी यंत्रे, दुसरीत प्रत्यक्ष मोजणी. अशा इमारतीत काम करणाऱ्याला खिशातल्या किल्ल्या, मनगटावरचे घड्याळ, पट्ट्याचे बक्कल यांचाही हिशेब ठेवावा लागतो. हा नियम तेव्हा होता आणि आजही आहे.

दोन वर्षे, दोन ठिकाणी

एप्रिल १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याचे काम मात्र थांबवले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्हीकडची यंत्रे एकाच वेळी चालू राहिली.

बाहेरच्या माणसाला हा दुप्पट खर्च वाटेल. पण विचार करा. दोन ठिकाणे जवळ असली तरी जमिनीखालचा खडक वेगळा, म्हणून दोन्हीकडच्या मूळ किंमती वेगळ्या येणारच. सूर्यामुळे होणारा रोजचा बदल आणि वादळाचा धक्का मात्र तीस किलोमीटरवर जवळपास सारखाच. आज संध्याकाळी कुलाब्याचे यंत्र बंद करून उद्या सकाळी अलिबागचे सुरू केले, तर आकड्यांत पडलेली उडी पृथ्वीची की जागेची, हे कधीही सांगता आले नसते. साठ वर्षांची मालिका तेथेच तुटली असती. पुढे दोन छोट्या मालिका उरल्या असत्या. दोन वर्षे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की सर्व ऋतूंतला, शांत दिवसांचा आणि वादळी दिवसांचा फरक हाती येतो. तो फरक एकदा पक्का झाला की जुन्या आकड्यांवरून नव्यांवर जाता येते आणि परतही येता येते.

या दोन वर्षांत राबलेल्या निरीक्षकांची आणि हिशेबनिसांची नावे सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नाहीत. रोज दोन ठिकाणचे कागद धुवायचे, काचेच्या मोजपट्टीने तासातासाच्या किंमती काढायच्या, पायारेषेची दुरुस्ती करायची, बेरजा-सरासऱ्या हाताने मांडायच्या आणि दुसऱ्याने त्या तपासायच्या, असे ते काम. त्यात भर म्हणजे १ जानेवारी १९०६ रोजी देशभर भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, मुंबईने मात्र तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळच पुढे कितीतरी वर्षे चालवली. ‘सकाळी दहाची नोंद’ म्हणजे कोणत्या दहाची, हे अशा काळात वहीच्या डोक्यावर लिहावेच लागते.

जुनी यंत्रे थांबल्यावर मूस यांनी दुसरे मोठे काम हाती घेतले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या सर्व चुंबकीय नोंदी त्यांनी एकत्र आणल्या, यंत्रांचे वर्णन व दुरुस्त्यांसह मांडल्या आणि त्यांचे विवेचन केले. हा ग्रंथ १९१० मध्ये दोन भागांत निघाला: पहिल्यात आकडे आणि उपकरणे, दुसऱ्यात त्यांतून दिसणाऱ्या घटनांची चर्चा. चुंबकीय वादळांच्या अभ्यासात सिडनी चॅपमन यांच्यापासून पुढच्या अभ्यासकांनी या ग्रंथाचा आधार घेतला. स्थलांतर करणाऱ्या संस्थेने जुने दफ्तर कोणत्या स्थितीत सोपवावे, याचा तो नमुना आहे. मूस यांनी जुने आकडे नुसते जपून ठेवले नाहीत. ज्याने कुलाबा कधी पाहिले नाही त्यालाही ते समजावेत, असे करून ठेवले.

स्वातंत्र्यानंतर

यानंतरचे अर्धे शतकभर वेधशाळा हवामान खात्याच्या छत्राखाली आपले नेमाचे काम करत राहिली. मधल्या दोन महायुद्धांनी युरोपातील कित्येक कामांत खंड पाडला. अलिबागची रेघ चालू होती.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळले गेले आणि अलिबागचे महत्त्व एका नव्या कारणाने वाढले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. तेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा, पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक अरुंद पट्टा वाहतो. चॅपमन यांनी त्याला १९५१ मध्ये विषुववृत्तीय विद्युत्-झोत असे नाव दिले. दक्षिणेत त्रिवेंद्रम आणि अण्णामलाईनगर येथे नोंदी सुरू झाल्या. पट्ट्याखालच्या दक्षिणेतील ठिकाणाच्या आकड्यातून पट्ट्याबाहेरच्या अलिबागचा आकडा वजा केला की त्या झोताचा जोर मिळतो. पुढे तिरुनेलवेली आणि अलिबाग ही जोडी त्यासाठी रूढ झाली. अलिबागची नोंद आता एकटी वाचायची राहिली नाही. दुसऱ्या वेधशाळेबरोबर वाचायची झाली.

१९७१ मध्ये चुंबकीय काम हवामान खात्यापासून वेगळे होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आधी कुलाब्यालाच होते. नंतर ते नवीन पनवेलला आले. म्हणजे ज्या जिल्ह्याने वेधशाळेला आसरा दिला, त्याच जिल्ह्यात तिची मातृसंस्थाही आली. आज संस्थेच्या वेधशाळा जयपूर, नागपूर, सिलचर, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर, तिरुनेलवेली अशा दूरदूरच्या ठिकाणी आहेत, आणि अंटार्क्टिकातही तिचे काम चालते. भूचुंबकत्वाचे एक जागतिक माहिती केंद्रही हीच संस्था चालवते.

कागदाकडून संगणकाकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरे मोठे संक्रमण आले, आणि या वेळी जागा तीच राहून बाकीचे सगळे बदलले. टांगलेल्या चुंबकाच्या जागी फ्लक्सगेट संवेदक आले. प्रत्यक्ष मोजणीसाठी प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आणि फ्लक्सगेट बसवलेला थिओडोलाइट आला. छायाचित्रण कागदावरची रेघ जाऊन मिनिटामिनिटाचे, मग सेकंदाचे आकडे थेट संगणकात जमू लागले. मोजण्याच्या एककाचे नावही बदलले: जुन्या वह्यांतला ‘गॅमा’ आता ‘नॅनोटेस्ला’ झाला. सुदैवाने दोन्हींची किंमत एकच, त्यामुळे आकड्यांना हात लावावा लागला नाही. इतर बाबतीत इतके सोपे गेले नाही. वर्षाकाठी छापल्या जाणाऱ्या खंडांची जागा आधी सूक्ष्मचित्रफितींनी आणि मग संगणकीय धारिकांनी घेतली. स्थानिक वेळेच्या जागी जागतिक वेळ आली. तासाची किंमत ही तासाच्या ठोक्यावरची की तासभराची सरासरी, असे प्रश्न जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालताना पुन्हा उभे राहिले.

गाउस-वेबर यांच्या संघाची जागा आता ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्याने घेतली आहे. १९९० च्या दशकापासून वाढत गेलेल्या या जाळ्यात प्रवेश हवा तर यंत्राची अचूकता, पायारेषेची तपासणी, आकडे पाठवायची मुदत आणि मांडणी हे सर्व ठरल्या साच्यात बसावे लागते. अलिबाग तेथे ‘एबीजी’ या तीन अक्षरांनी ओळखले जाते. पूर्वी मुंबईचे तक्ते बोटीने युरोपात पोचायला महिने लागत. आता त्याच दिवशी आकडे पोचतात. बिरादरी तीच, नियमांची कडक शिस्तही तीच.

छायाचित्रक यंत्र काढून संवेदक बसवताना जगभरच्या वेधशाळांचा शिरस्ता एकच आहे: काही काळ दोन्ही चालवा, फरक काढा, तो लिहून ठेवा, मगच जुने उतरवा. विजेची यंत्रे आपोआप चालतात म्हणून माणसाची गरज संपली, असा समज येथे लवकर खोटा ठरतो. संवेदकही तापमानाने सरकतो. त्याचा खांबही जमिनीबरोबर हलतो. आठवड्याच्या आठवड्याला थिओडोलाइट लावून प्रत्यक्ष मोजणी करणारा निरीक्षक १९०४ मध्ये होता तसाच आजही लागतो. स्वयंचलित यंत्राने त्याची रात्रपाळी वाचवली, त्याची जबाबदारी नाही.

संगणकीय काळाने जुन्या दफ्तरालाही नवे वाचक मिळवून दिले. कुलाब्याच्या काळातील नोंदी तपासून १८५९ च्या पाठोपाठ ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळाचाही अभ्यास झाला; त्या रात्री मुंबईतूनही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांत चुंबकीय वादळाने अंधारात गेला, किंवा मे २०२४ मध्ये सूर्याने पुन्हा हिसका दिला, तेव्हा ‘याहून मोठे वादळ येऊ शकते का’ हा प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर देण्यासाठी जितकी लांब मालिका लागते तितकी लांब मालिका जगात थोड्याच ठिकाणी आहे. त्यातले एक ठिकाण आपल्या किनाऱ्यावर आहे.

पुढची पावले

अवकाशातून चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपग्रह आता आहेत. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्वार्म’ नावाचे तीन उपग्रह २०१३ मध्ये सोडले गेले. पण उपग्रह फिरता असतो आणि काही वर्षांत निवृत्त होतो. एकाच जागी, दशकानुदशके उभे राहून मोजायचे काम जमिनीवरच्या वेधशाळेचेच. उपग्रहांचे आकडे पडताळायलाही तीच लागते.

खरी अडचण जमिनीवरची आहे. १९०४ मध्ये ज्या शांततेसाठी अलिबाग निवडले, ती शांतता आता स्वस्त राहिलेली नाही. गाव समुद्राच्या दिशेने आणि आतल्या दिशेने वाढले; थळला खत कारखाना झाला; मुंबईहून मांडव्याला मोटारी घेऊन बोट येते आणि शनिवार-रविवारी रस्ते भरून वाहतात. लोखंडी सळयांच्या इमारती, विजेचे रोहित्र, जड वाहने यांतली प्रत्येक गोष्ट सूचीला कळते. विकास थांबवावा असे कोणी म्हणणार नाही, आणि वेधशाळेनेही ते कधी म्हटलेले नाही. कुलाब्यात ट्रामला विरोध करत बसण्यापेक्षा मूस यांनी वेळेत पर्याय उभा केला होता. मात्र वेधशाळेच्या आवाराशेजारी बांधकाम, भूमिगत तारा किंवा रेल्वेचा फाटा आखताना आधी तिच्याशी बोलावे, एवढी अपेक्षा नगरपालिका, जिल्हा प्रशासन आणि नागरिक यांच्याकडून रास्त आहे.

आणि कधी काळी अलिबागचीही जागा सोडायची वेळ आली, तर काय करायचे हे या संस्थेला कोणी शिकवायला नको. त्रास सुरू होण्याआधी नवी जागा शोधायची. दोन्हीकडे काही वर्षे एकत्र मोजायचे, खर्च दुप्पट झाला तरी. फरक काढून छापायचा. आणि आपल्यानंतर येणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या अभ्यासकाला समजेल अशी दफ्तराची मांडणी करून मगच जुन्या खोलीला कुलूप लावायचे. १९०६ मध्ये हे काम ज्यांनी केले त्यांच्यामुळे आज आपल्याजवळ पावणेदोनशेहून अधिक वर्षांची मालिका आहे. ती पुढच्या पिढीकडे तशीच सलग सोपवणे, एवढेच या वेधशाळेचे पुढचे काम आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.